रिपोर्ट नॉर्मल आहेत



संयोजकांनी मला ‘हृदयाची काळजी’ असा विषय सुचवला होता. तो फार पसरट वाटला, म्हणून मी एक अरुंद विषय मागून घेतला. घरातल्या सत्तरीपुढच्या आईला किंवा वडिलांना चक्कर येते, छातीत धडधडतं, आणि सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. अशा वेळी काय करायचं, एवढाच आजचा विषय. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे धुळ्यात जमलो आहोत, ते वर्गात मोघम उत्तर चालवून घेत नसत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तेव्हा मोघम बोलायचं नाही, एवढं पथ्य मी पाळतो.

आपल्या खान्देशात हा प्रश्न जास्त टोचतो. आपली पोरं सुरतला, पुण्याला, नाशिकला. म्हातारी माणसं पारोळ्याला, साक्रीला, यावलला. रविवारी फोन होतो. “काय व्हयनं माय?” “काही नही रे भाऊ, जराशी चक्कर उनी व्हती.” एवढ्यावर मुलगा रजा टाकतो, रात्रीच्या गाडीनं येतो, आईला धुळ्याला नाहीतर जळगावला घेऊन जातो. रक्त, लघवी, ईसीजी, टू-डी इको, डोक्याचं स्कॅन, ऐपत असेल तर एमआरआय. संध्याकाळी डॉक्टर फाईल मिटतात आणि सांगतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत. मुलाला हायसं वाटतं आणि तो परत जातो. मंगळवारी आईला पुन्हा चक्कर येते, पण आता ती सांगत नाही. सांगून उपयोग काय? तिच्या तक्रारीला रिपोर्टांनी परस्पर खोटं ठरवलेलं असतं. घरात निकाल लागलेला असतो: गॅस असेल, मानेचे मणके घासले असतील, वय झालं, नाहीतर मग मनाचं असेल, नाना गेल्यापासून एकटी पडली ना.

माझं म्हणणं असं आहे की, यातल्या बऱ्याच चकरा अनाकलनीय नसतात. त्या कुणी पाहिलेल्या नसतात, इतकंच.

ईसीजीचंच घ्या. आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र व्यवहारात आणलं आणि १९२४ साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. आजही दवाखान्यात तुमच्या हातात जी पट्टी देतात, तिच्यात साधारण १० सेकंदांची नोंद असते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्या दिवसभरात हृदयाचे ठोके पडतात एक लाखाच्या घरात, आणि आपण त्यातले दहा-पंधरा पाहिलेले असतात. हृदयाला पूर्वी झालेली इजा, विजेच्या वहनातला कायमचा अडथळा, हे त्या पट्टीत दिसू शकतं, म्हणून ती काढायचीच. पण आईची धडधड पहाटे चारला होते आणि ईसीजी दुपारी बाराला निघतो. दुपारी बाराला सगळं ठीक होतं, एवढंच तो खरेपणानं सांगतो. त्यातून ‘पहाटे काही झालंच नव्हतं’ असा अर्थ आपण काढतो.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचा श्वास याच धुळ्यात घेतला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तुमच्या गावात आहे. या माणसानं दप्तरं धुंडाळत आयुष्य घालवलं, ते एका हट्टापायी. बखर नंतर लिहिली जाते, आठवणीवर आणि ऐकीव गोष्टींवर. तिच्यावर विसंबून इतिहास लिहायचा नाही. घटना घडत असताना लिहिलेलं पत्र, हिशेब, निवाडा हाती लागला तरच विधान करायचं. आजारपणात हाच फरक पडतो. चार दिवसांनी डॉक्टरांसमोर आई जे सांगते ती बखर असते. प्रामाणिक असते, पण बखरच. सुनेनं त्या वेळी कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ‘पहाटे ४.१०, लघवीला उठल्या, दाराशी तोल गेला, घाम नाही, दोन मिनिटांत ठीक’. हा झाला अस्सल कागद. मला विचाराल तर त्या एका ओळीसाठी मी एखादं स्कॅन सोडून द्यायला तयार आहे.

आता अशा कागदावर काय लिहायचं? १९७२ साली ड्राखमन आणि हार्ट या अमेरिकन डॉक्टरांनी चकरेचे चार प्रकार पाडले. सगळं फिरल्यासारखं वाटतं, बेशुद्ध पडेन असं वाटतं, तोल जातो, किंवा नुसतंच हलकं हलकं वाटतं. पुढे कित्येक वर्षं आम्हां डॉक्टरांना शिकवण होती की रुग्णाला विचारा, नेमकं कसं वाटतं, आणि उत्तरावरून कारण ओळखा. २००७ साली न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तातडीच्या विभागातल्या रुग्णांना हाच प्रश्न काही मिनिटांच्या अंतरानं दोनदा विचारला. निम्म्यांच्या आसपास रुग्णांनी दुसऱ्यांदा वेगळंच उत्तर दिलं. मात्र चक्कर किती वेळ टिकते आणि काय केल्यावर येते, हे माणसं बरंच ठामपणे सांगतात. म्हणून कसं वाटलं, यावर फार खल करू नका. केव्हा आली, काय करताना आली, किती वेळ टिकली, हे लिहा.

कूस बदलताना येते, असं कागदावर असेल तर मी कानाकडे वळतो. गादीवर आडवं होताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना, गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायला वाकताना खोली गर्रकन फिरते, मळमळतं, आणि मिनिटाच्या आत थांबते. आपल्या आतल्या कानात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म खडे असतात. त्यांच्या वजनावरून मेंदूला खालची बाजू कोणती ते कळतं. वयानुसार किंवा डोक्याला मार लागल्यावर ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळतात. डोकं हललं की तिथला द्रव ढवळला जातो. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कान सांगतो फिरते आहे.

व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी कान आणि तोल यांचा हा संबंध उलगडला. १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. पण खडे परत जागेवर नेण्याची युक्ती सापडायला बराच काळ जावा लागला. ती काढली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांनी. रुग्णाला झोपवून डोकं ठरावीक क्रमानं वळवायचं, प्रत्येक वळणावर थोडं थांबायचं, मग उठून बसवायचं. औषध नाही, सुई नाही, पाच मिनिटांचं काम. इतकं सोपं असल्यामुळेच की काय, बाकीचे डॉक्टर ते खरं मानेनात. एप्लींचा निबंध छापून आला १९९२ साली. आज जगभर हीच पद्धत चालते आणि बहुतेकांना एकदोन वेळांत गुण येतो. ज्याला येतं त्याच्याकडूनच पहिल्यांदा करून घ्यावं, कारण कोणता कान आणि कोणती नळी हे आधी ठरवावं लागतं. तुम्ही करू शकता ते असं: चक्कर चालू असताना आईच्या डोळ्यांचं मोबाईलवर चित्रण करा. बुबुळं कोणत्या दिशेला झटके मारतात ते त्यात दिसतं.

अशी चक्कर येणाऱ्या बाईंच्या गळ्यात आपल्याकडे मानेचा पट्टा बांधलेला असतो. साठीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, मणके झिजलेले दिसणारच. दिसलं म्हणून ते कारण ठरत नाही. दुसरी सवय म्हणजे चकरेची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवायची. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं चार दिवसांसाठी ठीक आहेत. म्हाताऱ्या माणसाला लांबवली तर हात थरथरायला लागतात, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो, थेट पार्किन्सनसारखं. मग त्या कंपवाताची आणखी एक गोळी सुरू होते.

आता उभं राहताना येणारी चक्कर. हा माझ्या मते खान्देशातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रकार आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी केंद्रं असतात. ती लगेच पायांच्या शिरा आवळतात, हृदयाला पळवतात, आणि मेंदूचं रक्त टिकून राहतं. तरुणपणी हे आपल्याला कळतही नाही. म्हातारपणी, त्यातून पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह असेल, तर ही यंत्रणा सुस्तावते. झोपलेल्या स्थितीतला वरचा दाब उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर त्याला आम्ही आजार मानतो. पण हे मोजतं कोण? दवाखान्यात दाब मोजतात तो खुर्चीवर बसवून. १५० भरला म्हणून गोळी वाढवली जाते, आणि आई पहाटे बाथरूमच्या दारात पडते.

त्यात आपलं हवामान. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, कधी ओलांडतो. उकाड्यात अंग थंड ठेवण्यासाठी कातडीखालच्या वाहिन्या सैल पडतात, घामानं पाणी आणि मीठ जातं, वय झालेल्या माणसाला तहानही कमी लागते. हिवाळ्यात बेतलेली बीपीची मात्रा तशीच मे महिन्यात चालू असते. तिच्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर शरीरातलं सोडियम, पोटॅशियम आणखी खाली येतं. एकानं चक्कर येते, दुसऱ्यानं ठोके चुकतात. आखाजीच्या आसपास लग्नांची गर्दी. मांडवात बसून वरण-बट्टी आणि त्यावर तुपाची धार. भरपेट जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं आणि दाब उतरतो. पंगतीतून उठताना एखादे जिभाऊ कोसळतात. लोक म्हणतात उष्माघात. दरवेळी तो उष्माघात नसतो. उष्णता, जेवण आणि सकाळची गोळी या तिघांनी मिळून केलेलं ते काम असतं.

एका औषधाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातल्या जालन्याकडचे. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, दगावत. विष अंगात भिनलं की रक्तवाहिन्या करकचून आवळल्या जातात, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं, बीपीचं साधं औषध वापरलं आणि मरणारी माणसं वाचू लागली. ‘लॅन्सेट’नं त्यांचं काम छापलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. तेच प्राझोसिन बीपीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी वयस्क माणसाला रात्री दिलं, तर पहिल्याच मात्रेनंतर उठताना डोळ्यापुढे अंधारी येऊ शकते. प्रोस्टेटसाठी आज दिली जाणारी टॅमसुलोसिन त्याच कुळातली, जरा सौम्य. औषध तेच आणि गुणही तोच. फरक कुणाला, केव्हा आणि कशाच्या जोडीला, याचा.

म्हणून माझी एक मागणी असते. दवाखान्यात येताना रिपोर्टांच्या फायलीआधी गोळ्यांची पिशवी आणा. सगळ्या. धुळ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या, जळगावच्या लघवीच्या डॉक्टरांच्या, गावातल्या डॉक्टरांच्या, मेडिकलवाल्यानं परस्पर दिलेल्या, शेजारच्या काकूंना लागू पडल्या म्हणून आणलेल्या, आणि चूर्णाच्या पुड्यासुद्धा. टेबलावर ओतल्या की कित्येकदा एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू असल्याचं दिसतं. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. हे ऐकून उद्या सकाळी कुणी आपल्या मनानं बीपीची गोळी बंद करायची नाही. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं पडून दाब मोजा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा. तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. निर्णय त्यांचा.

उपवासाचंही बोलून घेतो, कारण ते आपल्या घरोघर आहे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. आईचा मधुमेह ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर. उपवासाला जेवण सुटतं, गोळी सुटत नाही. अकरा वाजता घाम फुटतो, छाती धडधडते, हात कापतात, डोकं गरगरतं. साखर उतरलेली असते. धडधड हा तिथे शरीरानं दिलेला इशारा असतो. हृदय मंद करणाऱ्या गोळ्या, मेटोप्रोलॉलसारख्या, चालू असतील तर धडधडीचा इशारा दबतो, घाम तेवढा राहतो. अशा वेळी आधी साखर चाटवायची, मग ग्लुकोमीटर शोधायचा. आणि पुढच्या उपवासाआधी डॉक्टरांना विचारायचं. देवाचा याला विरोध असेल असं मला वाटत नाही.

आता हृदयाकडे येतो. तुम्हाला वाटलं असेल, डॉक्टर मूळ विषय टाळतायत.

धडधडीला आपल्याकडे पहिलं नाव मिळतं गॅसचं. इनो, ओवा, सोडा, मग ढेकर येतो, बरं वाटतं, निदान पक्कं होतं. गंमत अशी की, काही धडधडी आपोआपच दहा मिनिटांत थांबतात, आणि श्रेय सोड्याला जातं. या दहा मिनिटांत घरातल्या माणसानं एकच गोष्ट करायची: मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहायची. किती, हे मोजायचंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठोके एका अंतरानं पडतात का. मधूनच एखादा ठोका चुकतो आणि पुढचा जोरात येतो, हे बहुधा निरुपद्रवी. भरभर पण घड्याळासारखी नियमित असेल तर गोष्ट वेगळी. आणि नाडीला ठेकाच नसेल, लहान-मोठे, जवळ-दूर असे ठोके वाटेल तसे पडत असतील, तर ते एट्रियल फिब्रिलेशन असण्याची दाट शक्यता. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत असतात. तिथे रक्त साचतं, गुठळी धरते, ती सुटून मेंदूत जाते. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घ अभ्यासानं दाखवून दिलं. त्यासाठी गुठळी होऊ न देणारी गोळी लागते. ॲस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही. लहानपणी संधिवाताच्या तापानं झडप आकसलेली असेल, आणि आपल्या भागात अशा बायका आजही दिसतात, तर जुनं वॉरफेरिनच चांगलं. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या अशा रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात नव्या गोळीपेक्षा जुनीच सरस ठरली. वॉरफेरिनवर असताना मेथी-पालक बंद करायची गरज नाही. आज ढीगभर आणि आठवडाभर काहीच नाही, असं करू नका.

धडधड आणि चक्कर एकत्र येतात तेव्हा त्यांचा क्रम विचारा. चोपड्याकडचे एक आप्पा. दीड वर्ष चक्कर, दोनदा पडले, एकदा डोक्याला टाके. सगळे रिपोर्ट नॉर्मल. स्वतः आप्पा काहीच धड सांगू शकत नव्हते, कारण ज्या क्षणाबद्दल विचारायचं त्या क्षणी ते शुद्धीवर नसत. मुलगा, सून, जावई, सगळे बोलले. शेवटी दाराशी बसलेल्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “आधी ते छातीवर हात ठेवता. मी विचारते, दुखतं का? ते म्हणता, धडधडतं. मग हात खाली घेता, म्हणता, थांबलं आता. आणि थांबलं म्हणता म्हणताच डोळे फिरवता.”

धडधड थांबल्यावर चक्कर. आजींच्या या वाक्यात निदान होतं. हृदयाचा नैसर्गिक ठोका देणारी गाठ म्हातारपणी थकते. मधूनच वरचे कप्पे बेताल पळत सुटतात, आणि ती पळापळ थांबते तेव्हा या थकलेल्या गाठीनं ताबा घ्यायचा असतो. ती लगेच जागी होत नाही. तीन सेकंद, पाच सेकंद हृदय गप्प. मेंदूला सहा-सात सेकंद रक्त मिळालं नाही की माणूस कोसळतो. मग एक ठोका पडतो, दुसरा पडतो, आणि गर्दी जमेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. अशा माणसाला नुसत्या धडधडीवरची गोळी दिली तर पळापळ कमी होते, पण गप्प बसण्याची सवय वाढते. आप्पांना होल्टर लावला. पहिल्या दिवशी काही सापडलं नाही. पुन्हा लावला, तेव्हा ती शांतता कागदावर उमटली. पेसमेकर बसला. चक्कर गेली.

हा होल्टर म्हणजे दिवसभर ईसीजी टिपणारी खिशाएवढी डबी. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४७ च्या सुमारास पहिलं यंत्र केलं ते पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आता २४ ते ४८ तासांची नोंद सहज होते. चक्कर महिन्यातून एकदा येत असेल तर तीही अपुरी. मग आठवडा-दोन आठवडे चिकटवून ठेवायची पट्टी, आणि फारच क्वचित पण गंभीर झटका येत असेल तर कातडीखाली बसवायचं, दोन-तीन वर्षं चालणारं छोटं यंत्र. एका दिवसाचा होल्टर नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नका. त्या दिवशी चक्कर आली होती का, हे आधी विचारा. चक्कर आली आणि त्या वेळी ठोके व्यवस्थित होते, तर हृदय निर्दोष. चक्करच आली नसेल, तर हृदयाचा निकाल लागलेलाच नाही.

पेसमेकर माणसाच्या शरीरात पहिल्यांदा बसला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये. रुग्ण अर्ने लार्सन, वय ४३. त्याला दिवसातून वीस-तीस वेळा झटके येत. सर्जन सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांच्याकडे माणसात बसवण्याजोगं यंत्र तयार नव्हतं. लार्सनची बायको त्यांच्या मागेच लागली. यंत्र नसेल तर करा, असा तिचा तगादा. त्यांनी केलं. पहिलं काही तासांतच बंद पडलं, दुसरं बसवलं. पुढे आयुष्यभर यंत्रं बदलत लार्सन २००१ पर्यंत जगला, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत. चोपड्याच्या आजींना ही हकीकत सांगितली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मग कोणी तरी मागे लागायलाच लागतं.”

राहिलेली कारणं भरभर सांगतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर धडधडतं, आणि म्हाताऱ्या माणसाला रक्त कमी असेल तर ते कुठून जातंय हे शोधावं लागतं, नुसती लोहाची गोळी पुरत नाही. थायरॉइड वाढल्यावर धडधडतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन ते आणखी घटवते. त्यात पायांची जाणीव बोथट होते आणि अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. बायकांची मिशेरी आणि पुरुषांची तंबाखू यांतल्या निकोटिननं हृदय पळतं. मिशेरीबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि सासूबाई सुनेसमोर सांगत नाहीत.

आणि मन. मनानं धडधड होते, हे खरंच आहे. एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा पडण्याची भीती बसते, तो घराबाहेर पडेनासा होतो, पाय अशक्त होतात, आणि मग खरोखर तोल जायला लागतो. पण मनाचं आहे, असं म्हणण्याआधी बाकीचं पाहिलेलं असावं. आमच्या धंद्यात हा शिक्का म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा म्हाताऱ्या बायकांवर लवकर बसतो, हे मी अनेक वर्षं पाहत आलो आहे.

नोंदी बाजूला ठेवून ताबडतोब निघायची वेळही सांगायला हवी. चकरेबरोबर बोलणं अडखळलं, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, तर तो मेंदूचा झटका समजा. मेंदूच्या मागच्या भागातला झटका सुरुवातीच्या तासांत साध्या सीटी स्कॅनवर बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून स्कॅन ठीक आहे म्हणून घरी परतू नका. छातीत दुखलं, दम लागला, शुद्ध हरपली, तरी तसंच. १०८ ची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय जुनं, जळगावला २०१८ पासून सरकारी महाविद्यालय झालं. अशा वेळी सलाईन लावून घ्यायला गल्लीत थांबायचं नाही.

शेवटी, श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांमधून आलेला एक प्रश्न. पुण्याच्या मुलानं आईला ईसीजी काढणारं घड्याळ पाठवलं आहे, त्याचा उपयोग होतो का? होतो. बेताल नाडी ते बऱ्यापैकी ओळखतं. पण ईसीजीसाठी धडधड चालू असतानाच दुसऱ्या हाताचं बोट त्यावर अर्धा मिनिट टेकवून बसावं लागतं, आणि आईला ते कुणीतरी शेजारी बसून चार वेळा करून दाखवावं लागतं. व्हिडिओ कॉलवर ते जमत नाही. बेशुद्ध पडणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग थोडा. आणखी एक. बहुतेक घरांत हे घड्याळ रात्री चार्जिंगला लावून कपाटात ठेवतात. पहाटेची चक्कर असेल तर ते रात्री हातावर हवं. चार्जिंग सकाळी, आंघोळीच्या वेळी करा.